बागतळ्यातील मासे

बागतळ्यातील मासे : घराच्या बागेतील लहान तळ्यात (पृष्ठभाग साधारण २ ते ६ चौ. मी., खोली ४५ ते ६० सेंमी.) डासांच्या अळ्यांच्या बंदोबस्तासाठी व शोभेसाठी सोडले जाणारे मासे. महाराष्ट्रात गप्पी मासा सर्वांत परिचित आहे. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही घोषणा बहुतेकांच्या वाचनात असते.

गप्पी (पीसिलिया रेटिक्युलाटा) मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. तो भारतात १९१०च्या सुमारास आला, असे सामान्यतः मानतात. मादी सु. ५-६ सेंमी., नर सु. ३ सेंमी. मादी साधारण दर महिन्याला पिल्ले घालते. घाण पाण्यातही मासा तग धरतो. थंडी मात्र सोसत नाही. पाणी १० अंश से.च्या आसपास उतरले, तर उथळ टाक्यांतील मासे दगावतात.

डासांच्या अळ्या खाणारा दुसरा मासा गॅम्ब्युसिया. भारतातील गॅम्ब्युसिया नेमका कोणत्या जातीचा, याविषयी मतभेद आहेत. हा मासा १९२८च्या सुमारास इटलीहून भारतात आणला गेला. जुन्या भारतीय लिखाणात तो सरसकट गॅम्ब्युसिया ॲफिनिस या नावाने येतो. मात्र इटलीतील साठा १९२० नंतरच्या काही वर्षांत स्पेनमार्गे आला आणि स्पेनमधील मासे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडचे, म्हणजे गॅ. होल्ब्रूकीच्या प्रदेशातले होते. १९८८पर्यंत हे दोन्ही एकाच जातीचे उपप्रकार मानले जात, त्यामुळे जुन्या नोंदींतील नावावरून निर्णय करता येत नाही. पाठीवरच्या परात ॲफिनिसमध्ये बहुधा ६, तर होल्ब्रूकीत ७ अर (पराला आधार देणाऱ्या काड्या) असतात. होल्ब्रूकीच्या नरात गुदपरापासून बनलेल्या जननांगाच्या तिसऱ्या अरावर सूक्ष्म दातेही असतात. ते पाहायला भिंग लागते. प्रवासाचा मार्ग पाहता भारतीय साठा निदान अंशतः होल्ब्रूकीचा असावा, हे मत अधिक पटणारे आहे. बागेपुरता दोघांचा उपद्रव सारखाच : बेडकांची पिल्ले व इतर माशांची अंडी ते फस्त करतात. ॲफिनिसचे नाव जगातील १०० अतिउपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत आहे.

स्वच्छ पाण्याच्या तळ्यात स्थानिक पिकू (ॲप्लोकायलस लिनिएटस) घेणे चांगले. कोकणातील ओहोळांत व भातखाचरांत तो सापडतो. लांबी १० सेंमी.पर्यंत, अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी, वरून पाहिल्यास डोक्यावर एक चमकदार ठिपका. तोंड वरच्या बाजूला वळलेले असल्याने पृष्ठभागाला समांतर पडून राहणाऱ्या, हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलिस डासाच्या अळ्या त्याला सहज मिळतात. तो उड्या मारतो, म्हणून पाण्याची पातळी काठाच्या निदान १० सेंमी. खाली ठेवावी. गप्पी व पिकू एकत्र ठेवू नयेत. पिकू गप्पीची पिल्ले खातो.

डास-नियंत्रणाच्या मोहिमांमध्ये काठाच्या दर मीटरला ५ ते १० मासे हे प्रमाण धरतात. बागेत त्याच्या निम्मे पुरतात : २ × १.५ मी.च्या तळ्याचा काठ ७ मी., म्हणजे साधारण १८ ते ३५ मासे. गप्पी असल्यास एका नरामागे दोन-तीन माद्या. सिमेंटचे नवे तळे दोन-तीन वेळा भरून, आठवडाभर ठेवून रिकामे करावे, कारण सिमेंटमधील चुन्याने पाणी अल्कधर्मी होऊन मासे मरतात. क्लोरीनयुक्त नळाचे पाणी एक-दोन दिवस उघडे ठेवावे. माशांची पिशवी १५-२० मिनिटे तळ्यात तरंगत ठेवून, तळ्याचे पाणी तिच्यात थोडेथोडे मिसळून मग मासे सोडावेत.

अळ्या कमी होत नसतील तर कारण बहुधा दोनांपैकी एक असते : माशांना वरून खाणे जास्त पडते, किंवा पाणवनस्पती इतक्या दाटतात की अळ्यांना आडोसा मिळतो. कमळाच्या पानांनी पृष्ठभागाचा एक-तृतीयांश ते निम्मा भाग झाकला तर पुरे. डेंग्यूचा डास मुख्यतः कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर, पिंप अशा साठलेल्या पाण्यात वाढतो. तळ्यातले मासे तिथे उपयोगी नाहीत. पावसाळ्यात सांडव्याला बारीक जाळी हवीच, नाहीतर गप्पी ओढ्यात जातात.

गोल्डफिश अळ्या खातो, पण मोठा झाल्यावर तळ उकरून पाणी गढूळ करतो. कोई ६० सेंमी.पेक्षा मोठा होतो, लहान तळ्यात घेऊच नये. तिलापिया व दुकानात ‘सकर’ म्हणून मिळणारा मासा टाळावा. बेडूक हवे असतील तर मासे अजिबात सोडू नयेत. पावसाळ्यात बेडूक आपणहून येतात आणि चतुर-टाचण्यांच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात. देशी कासव घरी पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा ठरू शकतो.