१६:९ की २१:९? गेमिंग मॉनिटरच्या आकारामागची पार्श्वभूमी

गेमिंगसाठी मॉनिटर घ्यायचा म्हटलं की आज प्रश्न साधारण एकच असतो: नेहमीचा १६:९ (रुंदी १६ भाग, तर उंची ९) घ्यावा की थोडे जास्त पैसे घालून अल्ट्रावाइड, म्हणजे आणखी रुंद २१:९? हे दोन्ही आकार गेम खेळणाऱ्यांना विचारून ठरलेले नाहीत. पहिला टीव्हीकडून आला, दुसरा सिनेमाच्या पडद्याकडून. त्या पडद्यावर आपल्याला किती दिसणार, हे मात्र गेम बनवणाऱ्यांनी ठरवलं. आजचे बहुतेक वाद याच शेवटच्या गोष्टीतून निघाले आहेत आणि त्यांची मुळं २००५ ते २०१० या काळात सापडतात.

त्याआधीचं थोडक्यात. काचेच्या नळीच्या जड मॉनिटरवर ४:३ हाच आकार होता. ६४०×४८०, ८००×६००, १०२४×७६८ हे आडव्या-उभ्या पिक्सेलचे आकडे त्या पिढीला अजून पाठ आहेत. सायबर कॅफेतल्या १७ इंची मॉनिटरवर काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम याच आकारात खेळला गेला. एलसीडी आले तेव्हा १७ आणि १९ इंचांत १२८०×१०२४ चा ५:४ आकार काही वर्षं टिकला. फर्स्ट पर्सन शूटरमध्ये, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून पाहत खेळायच्या गोळीबाराच्या गेममध्ये, पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याचा आडवा कोन (एफओव्ही) ९० अंश ठेवायचा हा प्रघातही याच काळातला. ४:३ पडद्यावर आडवे ९० म्हणजे उभे साधारण ७४ अंश. पुढचा सगळा घोळ समजायला ही जोडी लक्षात ठेवावी लागते.

रुंद मॉनिटर घरोघरी आले ते १६:१० मध्ये. २२ इंचात १६८०×१०५०, २४ इंचात १९२०×१२००. माझ्या मते डेस्कवरच्या पडद्यासाठी यापेक्षा चांगला आकार आजवर आलेला नाही. रुंदी भरपूर मिळायची आणि उंचीही जायची नाही. पण २००८ पासून पॅनल बनवणारे १६:९ कडे वळले आणि दोन-तीन वर्षांत दुकानांतून १६:१० जवळपास दिसेनासा झाला. त्यांचं कारण सरळ होतं. टीव्ही १६:९ चे होत होते, एकाच मापात दोन्ही बाजार भागत होते आणि काचेच्या एका मोठ्या तावातून जास्त पॅनल निघत होते. गिऱ्हाइकाच्या पदरात काय पडलं? १९२०×१२०० च्या जागी १९२०×१०८०, म्हणजे दहा टक्के पिक्सेल कमी. मॉनिटर कर्णाच्या इंचात विकला जातो, त्यामुळे खोक्यावर '२४ इंच' तसंच राहिलं, पण पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे पाच टक्क्यांनी घटलं. 'फुल एचडी' या शिक्क्याखाली ही घट खपून गेली.

आता मुख्य वाद. पडदा रुंद झाल्यावर गेमने काय करायचं? दोन मार्ग होते. एक, उभा कोन तसाच ठेवून बाजूंना जास्त दाखवायचं. याला 'हॉर प्लस' म्हणतात. दुसरा, आडवा कोन तसाच ठेवून वरखालचं छाटायचं. हे 'व्हर्ट मायनस'. तेच ९० अंश घेऊन हिशेब केला तर हॉर प्लसमध्ये १६:९ वर आडवा कोन १०६ अंशांवर जातो. व्हर्ट मायनसमध्ये आडवे ९० तसेच राहतात आणि उभे ७४ उतरून ५९ वर येतात. म्हणजे महागडा रुंद मॉनिटर घेणाऱ्याला जुन्या मॉनिटरवाल्यापेक्षा कमी दिसतं.

२००७ च्या ऑगस्टमध्ये बायोशॉक हा शूटर गेम आला आणि नेमकं हेच झालं. खेळाडूंनी एकाच जागी उभं राहून ४:३ आणि रुंद पडद्यावरचे स्क्रीनशॉट काढले आणि एकावर एक ठेवून पाहिले. रुंद चित्र चौकोनी चित्राच्या आत बसत होतं: डावी-उजवी कड तीच, वरचं छत आणि खालची जमीन कापलेली. त्यावर गदारोळ झाला. बनवणाऱ्यांचं म्हणणं असं, की आम्ही काहीच कापलेलं नाही. गेम मुळात रुंद पडद्यासाठीच रचला आहे, ४:३ वाल्यांना काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून त्यांना वरखाली जास्त दाखवलं आहे.

हा खुलासा त्यांच्या बाजूने प्रामाणिक होता असं मानायला हरकत नाही. कलाकाराने चौकट रुंद आखली असेल, तर ४:३ मध्ये मिळालं ते वरकड, हे तर्काला धरून आहे. पण पीसीवर खेळणाऱ्याची तक्रार वेगळी होती. टीव्ही खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी असतो, मॉनिटर हातभर अंतरावर. जवळच्या पडद्यावर अरुंद कोन ठेवला की दुर्बिणीतून पाहत चालल्यासारखं वाटतं, काहींना मळमळतं. चौकट कोणासाठी आखली यापेक्षा ती कुठे बसून पाहिली जाणार हे महत्त्वाचं होतं, आणि त्या खुलाशात याचा विचारच नव्हता. खेळाडूंनी आधी स्वतःच कोन बदलणारा छोटा प्रोग्राम तयार करून वाटला. नंतर अधिकृत पॅचमध्येही (बनवणाऱ्यांनी दिलेल्या दुरुस्तीतही) रुंद कोनाचा पर्याय आला. पीसीच्या सेटिंगमध्ये एफओव्हीची सरकपट्टी हवीच, ही मागणी या प्रकरणानंतर कायमची मुळं धरून बसली. आज ती पट्टी बहुतेक शूटरमध्ये असते, याचं बरंचसं श्रेय त्या भांडणाला जातं.

२०१२ च्या अखेरीस २५६०×१०८० चे २९ इंची मॉनिटर आले, पाठोपाठ २०१४ मध्ये ३४४०×१४४० चे ३४ इंची. यांना २१:९ म्हणतात, पण ते ढोबळ लेबल आहे. पहिल्याचं खरं गुणोत्तर ६४:२७, दुसऱ्याचं ४३:१८. खरेदीच्या दृष्टीने जास्त उपयोगाची गोष्ट अशी, की ३४ इंची अल्ट्रावाइडची उंची २७ इंची १६:९ मॉनिटरएवढीच असते. जास्तीचं सगळं बाजूंना. पिक्सेल मात्र २५६०×१४४० च्या तुलनेत ३४ टक्के जास्त, आणि तो भार ग्राफिक्स कार्डवर पडतो.

जुना वाद इथे पुन्हा उभा राहिला, या वेळी 'न्याय' हा शब्द घेऊन. २०१६ मध्ये ओव्हरवॉच या ऑनलाइन शूटरने २१:९ ला आधार दिला तो वरखाली छाटून, म्हणजे पुन्हा व्हर्ट मायनस. रुंद मॉनिटरवाल्याला स्पर्धेत जास्त दिसू नये, हे कारण. कारण पटण्याजोगं आहे, उपाय नाही. समान संधीच द्यायची तर बाजूंना काळ्या पट्ट्या पुरल्या असत्या. १६:९ वाल्यापेक्षा कमी दाखवण्याची गरज नव्हती. स्पर्धा नसलेल्या गेमनाही हा आकार सहज मानवलेला नाही. २०२२ चा एल्डन रिंग अल्ट्रावाइडवर काळ्या पट्ट्यांतच उघडतो.

दुसऱ्या टोकाला काउंटर-स्ट्राइकचे व्यावसायिक खेळाडू आहेत. त्यातले कितीतरी १६:९ मॉनिटरवर मुद्दाम ४:३ चं चित्र ताणून खेळतात. बाजूचं दृश्य १०६ वरून ९० अंशांवर येतं, पण समोरचा माणूस पडद्यावर एक तृतीयांश जास्त रुंद दिसतो. अर्थात तो तेवढाच वेगाने सरकतोही, त्यामुळे नेम सोपा होतो की नाही यावर एकमत नाही. सवयीचा भाग मोठा आहे.

आपल्याकडे आकाराच्या निवडीत कराचाही हात होता. जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्यांवर २८ टक्के, अशी विभागणी होती. मोजमाप कर्णाचं. ३४ इंची अल्ट्रावाइडचं क्षेत्रफळ ३२ इंची १६:९ पेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी भरतं, तरी कर दहा टक्के जास्त. एवढी वर्षं अल्ट्रावाइड इथे आवाक्याबाहेर वाटत राहिला, त्यात या दराचा वाटा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर सारखाच १८ टक्के आहे.

दरम्यान २०१७ पासून ३२:९ चे ४९ इंची मॉनिटर मिळू लागले आहेत, म्हणजे २७ इंचाचे दोन पडदे मधल्या कडेशिवाय शेजारी. त्यावर हॉर प्लसने आडवा कोन १३९ अंशांपर्यंत जातो आणि कडेच्या गोष्टी चांगल्याच ताणलेल्या दिसतात. रेसिंग आणि विमानांच्या सिम्युलेटरमध्ये ते चालून जातं, शूटरमध्ये खटकतं. आणि ज्या १६:१० ला बाजाराने काढून टाकलं होतं, तो २०२१ पासून गेमिंग लॅपटॉपमध्ये २५६०×१६०० च्या रूपात परतला आहे. डेस्कवरच्या मॉनिटरमध्ये त्याची वाट अजून पाहावी लागते.