अंकल जज

ज्या उच्च न्यायालयात वडील, काका किंवा सासरे न्यायाधीश आहेत, तिथेच मुलाने, पुतण्याने किंवा जावयाने वकिली करायची आणि नात्याच्या जोरावर अशिलांची रीघ लावायची, या प्रकाराला भारतातल्या वकीलवर्गात ‘अंकल जज’ म्हणतात. विधी आयोगाने २००९ साली २३०व्या अहवालात हाच शब्द वापरला आणि ज्यांचे नातेवाईक एखाद्या उच्च न्यायालयात वकिली करतात, त्या न्यायाधीशांना तिथे नेमू नये, असे सुचवले.

नियम आधीपासून आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या आचारतत्त्वांनुसार जवळच्या नातेवाइकाने न्यायाधीशासमोर उभे राहायचे नाही, त्याच्या राहत्या घरातून वकिलीही करायची नाही. नातेवाइकासमोर उभे न राहण्याचा नियम वकील परिषदेचाही आहे. पण खरी पळवाट शेजारच्या दालनात असते. तिथे वडिलांचे सहकारी बसलेले असतात, आणि त्यांच्यासमोर उभे राहायला मुलाला मज्जाव नसतो. काही पक्षकार उलटी चाल खेळतात. नकोसा न्यायाधीश टाळण्यासाठी ते त्याच्याच नातेवाइकाला वकीलपत्र देतात, म्हणजे प्रकरण आपोआप दुसऱ्या खंडपीठाकडे जाते.

२६ नोव्हेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयाबद्दल जाहीर निकालपत्रातच लिहिले की, काही न्यायाधीशांची मुले वकिली सुरू केल्यावर काही वर्षांतच कोट्यधीश होतात. हे शेरे वगळण्याची त्या न्यायालयाची विनंती सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

नाते असणे हाच दोष नव्हे. यशवंत चंद्रचूड आणि धनंजय चंद्रचूड हे पितापुत्र दोघेही सरन्यायाधीश झाले. आणीबाणीत वडिलांनी बहुमतासोबत दिलेला निकाल मुलाने २०१७ मध्ये गंभीर चूक ठरवला. पण तालुक्याहून पहाटेची एसटी धरून आलेला पक्षकार बोर्डावर विरुद्ध बाजूच्या वकिलाचे आडनाव वाचतो, तेव्हा हा इतिहास त्याच्या मदतीला येत नाही. खटला हरला तर तो कायद्याने हरला की नात्याने, हे त्याला कधीच कळत नाही. विश्वास तिथे तुटतो, पक्षपात झालेला असो वा नसो.

नेमणुकांबाबतही हीच तक्रार आहे. १९९३च्या निकालापासून न्यायवृंद, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशच, नवे न्यायाधीश सुचवतात. त्याऐवजी आणलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी रद्द झाला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रथमच शिफारशींसोबत उमेदवारांची नातीही प्रसिद्ध केली. नोव्हेंबर २०२२ पासून उच्च न्यायालयांसाठी न्यायवृंदाने मंजूर केलेल्या २२१ जणांपैकी १४ जण आजी-माजी न्यायाधीशांचे नातेवाईक होते. ज्येष्ठ वकिलांशी असलेली नाती मात्र या मोजणीत धरलेली नाहीत.