मृत्युपूर्व व मरणोत्तर भाजणे

आगीत सापडलेली व्यक्ती जिवंतपणी भाजली की मेल्यावर पेटवली गेली, हे ठरवणे हा न्यायवैद्यकातला जुना प्रश्न आहे. मराठवाड्यातले पोलीस आणि डॉक्टर अशा प्रकरणाला नुसते ‘जळीत’ म्हणतात. स्टोव्हचा भडका किंवा अंगावरचे रॉकेल यांतले पुष्कळ रुग्ण काही तास, काही दिवस जगतात. ते संभाजीनगरच्या ‘घाटी’ या सरकारी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात पोचतात, तिथे त्यांचा मृत्युपूर्व जबाब होतो. अशा वेळी भाजणे जिवंतपणीचे होते यात शंका नसते. अपघात, आत्महत्या की खून एवढाच वाद उरतो. खरी कसोटी लागते ती शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्यापाशी, जळालेल्या कडब्याच्या गंजीत सापडलेल्या किंवा घाईने रचलेल्या चितेवरून उतरवलेल्या देहापाशी.

सर्वांत भरवशाची खूण श्वासनलिकेत मिळते. जिवंत माणूस धूर ओढतो, त्यामुळे काजळी स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकांच्या फांद्यांपर्यंत चिकट स्रावात मिसळलेली दिसते. केवळ नाकातोंडातल्या काजळीवर विसंबू नये, ती मेल्यावरही आत जाऊ शकते. चीनमधील न्यायाधिकारी सोंग त्स याने १२४७ साली लिहून ठेवले होते की, हातपाय दोन्ही प्रकारांत आखडतात, पण मेल्यावर जाळलेल्याच्या तोंडात राख नसते.

दुसरी खूण रक्तातली. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो. बंद खोलीतल्या मृत्यूत असे हिमोग्लोबिन ५० टक्क्यांवर जाऊ शकते आणि मृत्यूनंतर रक्त साकळून कातडीवर उमटणारे डाग चेरीसारखे लाल दिसतात. धूम्रपान करणाऱ्यांत मात्र ते एरवीही काही टक्के असते. उलट, उघड्या शेतात किंवा क्षणात भडकलेल्या आगीत माणूस जिवंतपणी जळूनही काजळी आणि वायू दोन्ही नगण्य सापडू शकतात. खूण मिळाली नाही म्हणून ‘आधीच मेला होता’ असा अहवाल देणे धोक्याचे.

त्वचेवर जिवंतपणीच्या भाजण्याभोवती लाली असते, फोडातल्या पाण्यात प्रथिने भरपूर असतात आणि फोडाचा तळ लालसर असतो. मरणोत्तर फोडात हवा किंवा अगदी पातळ पाणी, तळ कोरडा, कडक, पिवळट. पांढऱ्या पेशी जमायला मात्र काही तास लागतात, म्हणून मृत्यूच्या आसपासच्या काही मिनिटांतले भाजणे सूक्ष्मदर्शकालाही नीट सोडवता येत नाही.

पंचांची फसगत होते ती देहाच्या पवित्र्याने. कोपर-गुडघे वाकलेले, मुठी आवळलेल्या, जणू कुस्तीला उभा; मग गावात ‘झटापट केली असणार’ ही चर्चा पसरते. प्रत्यक्षात उष्णतेने स्नायूंतली प्रथिने गोठून ते आखडतात, मेलेल्याचेही. उष्णतेने कातडी उकलते, तेव्हा ती कुऱ्हाडीची जखम वाटते. पण तिथे रक्तस्राव नसतो आणि तळाशी रक्तवाहिन्या शाबूत आढळतात. उष्णतेमुळे कवटीत साचलेले रक्त चॉकलेटी, ठिसूळ, स्पंजासारखे असते, ते मारहाणीचे समजू नये.

लग्नाला सात वर्षे होण्याआधी विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदन करावेच लागते. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. रक्त, व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) आणि रॉकेलचा वास असलेले कपडे हवाबंद करून प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातात.