दमट कोळसा, धुरकट शेगडी

पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात कणसं भाजणाऱ्यांचा एक नेम असतो: कणसं भिजली तरी चालतील, कोळशाच्या गोणीवरचं प्लास्टिक हलता कामा नये. गच्चीवर किंवा फार्महाऊसच्या अंगणात अधूनमधून शेगडी पेटवणारे आपण नेमकं उलटं करतो. चिकन-पनीर मसाल्यात मुरवून फ्रिजमध्ये जपतो आणि कोळसा मात्र गेल्या थर्टी फर्स्टपासून जिन्याखाली पडलेला असतो. मग पाहुणे जमतात, पुठ्ठ्याने वारा घालून हात दुखतात, डोळ्यांतून पाणी वाहतं आणि सगळा दोष कोळसेवाल्याच्या माथी जातो. कधी तो खरंच त्याचा असतो. पण बऱ्याचदा आपल्या जिन्याचा.

लोणारी कोळसा, म्हणजे लाकडाचा कोळसा, आतून पोकळ असतो. झाड जिवंत असताना ज्या बारीक नळ्यांतून मुळांचं पाणी वर चढतं, त्या नळ्या कोळशातही शाबूत राहतात. बाभळीच्या कोळशाचा तुकडा आडवा मोडून उजेडात धरा, त्यातली मोठी भोकं नुसत्या डोळ्यांनी दिसतील. त्याहून कितीतरी सूक्ष्म छिद्रं भट्टीच्या उष्णतेने तयार होतात. कोळसा आतपर्यंत धगधगत राहतो तो या छिद्रांमुळे, कारण हवेला आत शिरायला वाट मिळते. आणि हवेतला दमटपणा ओढून घेतो तोही यांच्यामुळेच.

कोळशाचा दर्जा मात्र भट्टीवर ठरतो. रायगड-ठाण्याकडची कित्येक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन भट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. लाकडं रचायची, वर पाला-गवत, त्यावर माती, आणि हवेला मोजकीच भोकं ठेवायची. हवा अपुरी असल्याने लाकूड पुरतं जळत नाही, आतल्या आत भाजत राहतं. आधी दाट पांढरा धूर येतो, ती बरीचशी वाफच. मग तो पिवळसर आणि झोंबरा होतो. साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान लाकडातले हेमिसेल्युलोज आणि सेल्युलोज हे मुख्य घटक मोडतात, डांबर आणि आम्लं बाहेर पडतात. शेवटी धूर विरळ, निळसर झाला की भोकं बुजवायची. घाई केली तर कोळसा कच्चा राहतो, उशीर केला तर कोळशाचीच राख होते. शंभर किलो लाकडातून अशा भट्टीत जेमतेम दहा ते पंचवीस किलो कोळसा हाती लागतो. धुराच्या रंगावरून ही वेळ अचूक ओळखणाऱ्या माणसाच्या पदरात काय पडतं, हा वेगळा आणि लाजिरवाणा विषय आहे.

वखारीत गोणी निवडताना याच भट्टीचा हिशेब घ्यायचा. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. नीट भाजलेला, कोरडा कोळसा खणखणतो. कच्चा किंवा दमट असला तर आवाज बद्द येतो. मोडलेली कड काळीभोर आणि किंचित चकाकती हवी. तपकिरी झाक असेल तर आत अजून लाकूड आहे, आणि भट्टीत जायला हवा होता तो धूर तुमच्या कबाबांवर बसणार. गोणीच्या तळाशी हात घालून चुराही बघून घ्या. चुरा शेगडीच्या जाळीत बसला की खालून येणारी हवा अडते. बाभूळ, वेडी बाभूळ, सुरू यांचा कोळसा जड आणि टिकाऊ. करवंटीचा कोळसाही फार चांगला, कठीण आणि कमी राखेचा. दगडी कोळसा मात्र स्वस्त मिळाला तरी अन्नाखाली घालू नका. त्यात गंधक असतं. हुक्क्यासाठी मिळणाऱ्या चटकन पेटणाऱ्या वड्याही नकोत, त्यात पेट घेण्यासाठी सोरा मिसळलेला असू शकतो.

साच्यातल्या वड्या म्हणजे ब्रिकेट्सचं पेटंट अमेरिकेत १८९७ मध्येच घेतलं गेलं होतं. १९२० च्या दशकात हेन्री फोर्डने मिशिगनमध्ये मोटारींच्या कारखान्यातल्या लाकडाच्या तुकड्यांपासून त्या मोठ्या प्रमाणावर काढल्या. कोळशाचा भुगा स्टार्चने बांधलेला असतो. आच एकसारखी मिळते, राख जास्त पडते. मोठा तुकडा तासभर मंद आचेवर ठेवायचा असेल तर त्या सोयीच्या. वांगी आणि कणसांना साधा कोळसा बरा.

अमुक लाकडाच्या कोळशाने अमुक चव येते, हा दावा मात्र मला फारसा पटत नाही. लाकडातली वास देणारी बहुतेक द्रव्यं भट्टीतच उडून गेलेली असतात. डाळीला किंवा भरताला कोळशाची धुरी देताना आपण काय करतो ते आठवा. वाटीत निखारा ठेवतो आणि वर तूप सोडतो. तुपाशिवाय नुसता निखारा ठेवून पाहा, झाकणाखाली फारसं काही घडत नाही. धूर तुपाचा असतो, निखारा फक्त ते तापवतो. शेगडीवरही हेच. चव येते ती निखाऱ्यांवर ठिबकणाऱ्या चरबीची आणि तेल-मसाल्याची, शिवाय खरपूस होणाऱ्या पदार्थाची स्वतःची.

आता पाण्याकडे येऊ. दमट कोळसा उष्णता कमी देतो असं म्हणतात, पण आकडेमोड वेगळंच सांगते. एक किलो कोळशात १०० ग्रॅम पाणी आहे असं धरा. ते तापवून त्याची वाफ करायला सुमारे पाव मेगाज्यूल ऊर्जा लागते. उरलेला ९०० ग्रॅम कोळसा जळून साधारण २६ मेगाज्यूल देतो. म्हणजे तोटा एकाच टक्क्याचा! (वजनावर घेताना १०० ग्रॅम पाण्याचे पैसे मोजले, ते निराळं.) खरी अडचण पेटवतानाची आहे. कोळसा पेट घ्यायला त्याचा पृष्ठभाग तीनशे अंशांच्या वर जावा लागतो. छिद्रांत पाणी असेपर्यंत तो भाग शंभरच्या आसपासच अडकून राहतो, आणि बाहेर पडणारी वाफ प्राणवायूलाही दूर सारते. कागद-काटक्यांची तुटपुंजी आच तेवढ्यात संपते. एखाद्या तुकड्यात वाफ कोंडली तर तो फट्कन फुटून ठिणग्या उडवतो. म्हणून दमट कोळसा एकदा धरला की ठीक जळतो, पण धरेपर्यंत सगळ्यांना रडवतो.

साठवणीचं सूत्र यातूनच निघतं: मे महिन्याच्या उन्हात कोळसा दिवसभर पसरायचा आणि मृगाआधी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरायचा. डबा विटांवर किंवा फळीवर ठेवायचा, कारण फरशीचा ओलावा पत्र्याला गंज आणतो. कोकणातल्या जुलैच्या हवेत उघडी गोणी ठेवली तर तिच्यावर पावसाचा थेंबही पडायला नको, हवेतल्या बाष्पावरच ती दमट होते. रॉकेल, फिनेल, रंगाचे डबे शेजारी नकोत. छिद्रं पाण्याची वाफ ओढतात तशी हे वासही धरून ठेवतात आणि तापल्यावर परत देतात.

भट्टीतून नुकताच काढलेला कोळसा हवेतला प्राणवायू धरताना स्वतःच तापतो, क्वचित पेटतोही. म्हणून तो काही काळ उघड्यावर मुरू देऊन मगच गोण्या भरतात. घरी येणाऱ्या गोणीत ही भीती फारशी उरत नाही. घरातला मोठा धोका पेटत्या शेगडीचा. पाऊस आला म्हणून ती उचलून खोलीत किंवा बंद गॅलरीत आणली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट घट्ट धरतो. निखाऱ्यांवर धूर दिसत नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे, असं मुळीच नाही. शेगडी बाहेरच राहू द्या, कबाब तव्यावर होतील.

जेवणं झाल्यावर उरलेल्या निखाऱ्यांवर पाणी ओतू नका. राखेचा चिखल होतो आणि कोळसा पुन्हा भिजतो. शेगडीला झाकण असेल तर सगळी भोकं बंद करा, हवेअभावी निखारे विझतात. पण लगेच मूळ डब्यात टाकू नका. पूर्वी चुलीतला निखारा रात्री राखेत पुरून सकाळी त्यावरच चूल पेटवत, इतका तो आत जिवंत राहतो. दुसऱ्या दिवशी राख झटकून तुकडे पूर्ण गार असल्याची खात्री करून ते वेगळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. पुढच्या वेळी तेच तळाशी घालून आधी पेटवा. एकदा तापून गेल्याने ते कोरडे असतात आणि नव्या कोळशापेक्षा लवकर धरतात.