फोर्ड ८एन ट्रॅक्टरमधील इंधनपुरवठ्याचे दोष

फोर्ड ८एन हा अमेरिकेत १९४७ ते १९५२ या काळात बनलेला, पेट्रोलवर चालणारा चार सिलिंडरचा ट्रॅक्टर. पाच लाखांहून अधिक ८एन कारखान्यातून बाहेर पडले आणि त्यांतले पुष्कळ आजही तिथल्या लहान शेतांवर गवत कापायला आणि बर्फ हटवायला राबतात. त्याआधीच्या ९एन (१९३९) आणि २एन (१९४२) या मॉडेलांची इंधनव्यवस्था जवळपास अशीच असल्याने पुढची माहिती त्यांनाही लागू पडते.

या ट्रॅक्टरला फ्युएल पंप नाही. टाकी बॉनेटखाली, इंजिनाच्या वर. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर इंजिनाच्या बाजूला, बराच खाली. पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरते. पंपच नाही म्हटल्यावर तो बिघडण्याचाही प्रश्न नाही, हा या रचनेचा मोठा गुण. पण पेट्रोल ढकलायला जेमतेम एक-दोन फुटांची उंची मिळत असल्याने पंपाच्या गाडीत जाणवलाही नसता एवढा कचरा इथे इंजिन बंद पाडतो.

पेट्रोलच्या वाटेवर तीन जाळ्या आहेत. पहिली टाकीच्या आत, कॉकच्या (पेट्रोल सोडायच्या तोटीच्या) तोंडाशी; दुसरी कॉकखालच्या काचेच्या वाटीवर; तिसरी कार्ब्युरेटरला नळी जोडणाऱ्या पितळी एल्बोमध्ये, म्हणजे काटकोनी जोडात. ही तिसरी जाळी बाहेरून दिसत नाही, म्हणून हमखास विसरली जाते. कार्ब्युरेटर दोनदा खोलून साफ केला तरी ट्रॅक्टर दम धरत नाही, अशा तक्रारीत एल्बो काढून पाहिला की बहुतेक वेळा गंजाच्या भुकटीने भरलेली हीच जाळी हाती येते.

मुळात दोष इंधनाचाच आहे का, हे आधी ठरवावे लागते. पेट्रोल कमी पडत असेल तर इंजिन हळूहळू दम सोडते: भार आला की आचके देते, ताकद घटते, मग बंद पडते. अशा वेळी चोक (कार्ब्युरेटरची हवा कमी करणारी झडप) अर्धा ओढल्यावर इंजिन सावरले, तर पेट्रोल कमी पोहोचते आहे हे जवळपास नक्की. चालते इंजिन स्विच फिरवल्यासारखे एकदम बंद झाले, तर आधी ठिणगी तपासावी. १९५० पर्यंतच्या ८एनमध्ये डिस्ट्रिब्युटर (ठिणगी प्रत्येक सिलिंडरला वाटणारा भाग) आणि कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी गुंडाळी) इंजिनाच्या पुढच्या तोंडाला आहेत; जुनी कॉइल तापली की ठिणगी जाते आणि थंड झाली की परत येते. पेट्रोलच्या दोषातही बंद पडलेला ट्रॅक्टर थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो, त्यामुळे या दोन दोषांची गल्लत फार होते.

यानंतर कार्ब्युरेटर खोलायची घाई करू नये. कार्ब्युरेटरच्या तळाला एक प्लग (स्क्रूचे बूच) असतो. त्याखाली भांडे धरून प्लग काढावा, कॉक उघडावा आणि घड्याळ लावावे. दोन मिनिटांत सुमारे अर्धा लिटर पेट्रोल यायला हवे, तेही धार न तुटता. पूर्ण भारावर हे इंजिन ताशी आठ-दहा लिटर पेट्रोल पिते. अर्ध्या लिटरचा हिशेब त्याहून बराच वरचा असल्याने एवढी धार मिळाली तर टाकीपासून फ्लोटच्या (कार्ब्युरेटरमधल्या तरंगत्या गोळ्याच्या) वाटीपर्यंतची वाट मोकळी आहे असे समजावे. धार सुरुवातीला जोरात येऊन नंतर बारीक झाली तर ते महत्त्वाचे. पहिले पेट्रोल नुसते वाटीत साठलेले असते. खरा पुरवठा नंतरच्या धारेवरून कळतो. ही चाचणी इंजिन पूर्ण थंड असताना, उघड्यावर आणि बॅटरीची तार काढून करावी.

धार कमी असेल तर आधी टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकणातले हवेचे छिद्र बुजले की पेट्रोल उतरेल तशी टाकीत पोकळी तयार होते. ट्रॅक्टर वीस-पंचवीस मिनिटे नीट चालतो आणि मग मरतो. झाकण सैल करताच धार वाढली तर दोष तिथेच आहे.

झाकण ठीक असेल तर वरून खाली एकेक जोड सोडत जावे. कॉक साधारण दोन फेरे उघडल्यावर टाकीत उभ्या नळीच्या वरच्या तोंडातून पेट्रोल येते आणि तळचे सुमारे एक गॅलन रिझर्व्ह राहते. कॉक पूर्ण उघडला की तेही उतरते, आणि त्याच्याबरोबर टाकीच्या तळाचे पाणी आणि गंजही. म्हणून कॉक कायम पूर्ण उघडा ठेवणे वाईट. काचेच्या वाटीत तळाशी गोल, हलता थेंब वेगळा दिसला तर ते पाणी. वाटी बसवताना नवा कॉर्क गॅस्केट घालावा आणि तारेचा स्क्रू हातानेच आवळावा. पान्याने काच फुटते.

नळीत कागदी फिल्टर बसवण्याची सवय मात्र मोडायला हवी. पंपाच्या दाबासाठी बनवलेला फिल्टर इथे स्वतःच अडथळा ठरतो.

धार चांगली असूनही इंजिन तडफडत असेल तरच कार्ब्युरेटरकडे वळावे. मुख्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र) आणि आतल्या बारीक वाटा तारेने न खरवडता क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ कराव्यात. पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल डुचमळले तर तो फुटलेला आहे. असा फ्लोट वर तरंगत नाही, पेट्रोल रोखणारी नीडल बंद होत नाही आणि कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो. या कार्ब्युरेटरमध्ये हवा खालून वर जाते, त्यामुळे जास्तीचे पेट्रोल खाली टपकते. स्पार्क प्लग काळे पडून धूरही काळा असेल तर ऑइल बाथ एअर क्लीनर (तेलातून हवा गाळणारा भाग) तुंबलेला नाही ना, हेही पाहावे.

गंज पुन्हा पुन्हा येत असेल तर टाकी उतरवून साफ करण्यावाचून इलाज नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. अशा टाकीवर वेल्डिंग कधीच करू नये.

आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, तो वाढला की पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते आणि जुने रबर मऊ करते. अमेरिकेत बहुतेक पंपांवर १० टक्के मिश्रण मिळते. महाराष्ट्रात ट्रॅक्टर बहुतांशी डिझेलवर चालत असले तरी २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून जुन्या कार्ब्युरेटरच्या दुचाक्या आणि फवारणी पंप जपणाऱ्यांनाही याकडे लक्ष द्यावे लागते. हंगाम संपल्यावर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे फ्लोटच्या वाटीत चिकट थर साचायला पेट्रोल फारसे उरत नाही.