पेपरकट आणि स्टेन्सिल: एकाच कागदाचे दोन उलटे नियम

कापलेला कागद दिसला की आपल्याकडे त्याला सरसकट ‘पेपर कटिंग’ म्हटले जाते आणि त्या एका नावाखाली पेपरकट व स्टेन्सिल ही दोन वेगळी कामे एकत्र येतात. गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण दोन्हींना तेच कटर, तीच कटिंग मॅट आणि तोच धीर लागतो, आणि काम अर्धे झालेले असताना टेबलावरचा कागद पाहून त्याचे पुढे काय होणार आहे हे ओळखता येत नाही. मी ठाण्यात इलस्ट्रेशन शिकते. या सत्राच्या प्रकल्पासाठी ऐरोलीच्या बाजूने दिसणारे ठाणे खाडीतले रोहित पक्षी मी दोन्ही पद्धतींनी केले, आणि त्यातून माझे मत असे बनले की हा फरक हत्यारांचा नसून चित्र रेखाटण्यापूर्वीच करायच्या विचाराचा आहे.

पेपरकटमध्ये कापून उरलेला कागद हेच चित्र असते. काळा कागद कोरून पांढऱ्यावर चिकटवला की काम संपते. स्टेन्सिलमध्ये मात्र कागद हा छाप असतो. चित्र त्याच्या छिद्रांमधून रंगाच्या रूपाने खालच्या पृष्ठभागावर उतरते आणि छाप बाजूला ठेवला जातो. गणपतीच्या मखराची कोरीव पुठ्ठ्याची कमान पहिल्या प्रकारात बसते, तर दिवाळीआधी जांभळी नाक्याच्या बाजारात मिळणारे रांगोळीचे छाप दुसऱ्या.

दोन्हींना लागू असलेली अट एकच आहे: उरलेला कागद सलग राहिला पाहिजे, नाहीतर सुटा तुकडा गळून पडतो. परंतु पेपरकटमध्ये कागद म्हणजे काळा भाग आणि स्टेन्सिलमध्ये कागद म्हणजे रंग न लागणारा पांढरा भाग, त्यामुळे या एकाच अटीतून नेमके उलटे नियम निघतात. पक्ष्याचा डोळा घ्या. पांढऱ्या डोळ्यातले काळे बुबुळ स्टेन्सिलमध्ये एक साधे भोक असते. पेपरकटमध्ये मात्र ते पापणीला कुठेतरी जोडावेच लागते. त्याच बुबुळात चमकेचा पांढरा ठिपका हवा असेल तर अडचण बाजू बदलते: पेपरकटमध्ये ते टोचलेले एक छिद्र असते, आणि स्टेन्सिलमध्ये तो ठिपका आधाराशिवाय राहूच शकत नाही.

रोहित पक्षी या अभ्यासासाठी फार चांगला विषय ठरला, कारण त्याच्या शरीरात दोन्ही अडचणी आहेत. मान वळवून पिसे साफ करणाऱ्या पक्ष्याच्या मानेत आणि धडात एक बंद पोकळी तयार होते, जी पेपरकटमध्ये सहज कापून निघते, पण स्टेन्सिलमध्ये तो बेटासारखा सुटा तुकडा असल्यामुळे तिला पट्टीने बांधावे लागते. याउलट दूरवर विखुरलेला थवा स्टेन्सिलमध्ये निवांत उमटतो, तर पेपरकटमध्ये प्रत्येक पक्ष्याला कशाचा तरी आधार द्यावा लागतो. पाय दोन्हीकडे त्रास देतात, पण कारणे वेगळी आहेत. पेपरकटमध्ये बारीक पाय तुटतो. स्टेन्सिलमध्ये दोन लांब फटींच्या मधली कागदाची पट्टी उचलली जाते आणि तिच्याखाली रंग शिरतो.

सुटे भाग बांधून ठेवणाऱ्या या जोडपट्ट्या माझ्या दृष्टीने दोन्ही कलांचा गाभा आहेत. पेपरकटमधली जोडपट्टी चित्रात काळी रेघ म्हणून दिसते, म्हणून ती त्या दृश्यात खरोखर असू शकेल अशा वस्तूच्या रूपात यावी लागते. खाडीत अशा वस्तू विपुल आहेत: पाण्यातले प्रतिबिंब पायांना खालून धरते, लाटेची रेघ दोन पक्ष्यांना जोडते, आणि तिवराच्या झाडाची चिखलातून वर आलेली, श्वास घेणारी मुळे तर पूर्ण अग्रभाग बांधून देतात. स्टेन्सिलमधली जोडपट्टी पांढरा खंड म्हणून दिसते, म्हणून ती पंख धडाला मिळतो तिथे किंवा पायाच्या मधल्या सांध्यावर, म्हणजे आकार मुळातच मोडतो अशा जागी ठेवली की डोळ्याला खुपत नाही. जपानमध्ये कापड रंगवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कातागामी या कागदी छापांत तर सुटे भाग रेशमाच्या धाग्यांनी किंवा जाळीने धरून ठेवले जात. धागे इतके बारीक की रंगावर त्यांची खूण जवळजवळ राहत नसे.

अक्षरांकडे पाहिले की हा फरक आणखी स्पष्ट होतो, आणि देवनागरी लिहिणाऱ्यांनी तो नीट समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते. पेपरकटमध्ये शिरोरेखा हे वरदान आहे, कारण ती शब्दातली सगळी अक्षरे आपसूक बांधते. ‘ठाणे’ हा शब्द एकही जादा रेघ न घालता कापता येतो. ‘मुंबई’तला अनुस्वार मात्र लगेच सुटतो आणि त्याला शिरोरेखेपर्यंत खाली ओढावे लागते. स्टेन्सिलमध्ये अनुस्वार हे सर्वांत सोपे भोक आहे, पण ‘ठ’च्या पोटातला गोल आणि ‘ब’च्या पोटातले भाग जोडपट्टीशिवाय टिकत नाहीत, आणि शिरोरेखेची लांब फट जागोजागी तोडावी लागते, नाहीतर छाप वाकतो. गोण्यांवर आणि खोक्यांवर पत्र्याच्या छापाने उमटवलेली तुटक अक्षरे याच गरजेतून तशी झालेली असतात.

मथुरा-वृंदावनची सांझी या दोहोंच्या सीमेवर उभी आहे. ती मुळात स्टेन्सिलची कला: कैचीने कापलेल्या कागदी छापांवरून कोरडे रंग टाकून पितृपक्षात मंदिरांत कृष्णलीलेची चित्रे काढली जातात, आणि वेगवेगळ्या रंगांसाठी वेगवेगळे छाप लागतात. आज तोच छाप रंगीत कागदावर ठेवून फ्रेममध्ये विकला जातो आणि पाहणारा त्याला पेपरकट समजतो. हे चूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण भिंतीवर टांगताच तो कागद स्वतःच चित्र बनतो. पण अशा कामातल्या जोडपट्ट्या छापाच्या गरजेतून आल्या आहेत हे माहीत असेल तर त्याची रचना अधिक कळते.

फ्रेंच चित्रकार हेन्री मातीसच्या कात्रणचित्रांना मात्र या दोन्हींत बसवू नये. गवाश या अपारदर्शक जलरंगाने रंगवलेले कागद कैचीने कापून सुटे तुकडे चिकटवल्यावर कागद सलग राहण्याची अटच उरत नाही. ते कोलाज आहे. तरी त्याच्या ‘जॅझ’ या १९४७ च्या ग्रंथातली चित्रे छापताना स्टेन्सिलचीच पद्धत वापरली गेली, कारण कापलेल्या आकारांचे सपाट रंग आणि स्वच्छ कडा तिच्यातून चांगल्या उतरतात.

साहित्याचे थोडक्यात सांगता येईल. पेपरकटला पातळ पण घट्ट कागद हवा. स्टेन्सिलला जाड कागद किंवा प्लास्टिकचा पारदर्शक शीट, जो रंगाच्या ओलीने फुगणार नाही. रंग कमी घेऊन, ब्रश उभा धरून टिपावा. काळ्या कागदाच्या मागच्या बाजूवर रेखाटून पेपरकट कापत असाल तर चित्र उलटे येते, त्यामुळे अक्षरे आरशातल्यासारखी लिहून घ्यावीत; स्टेन्सिल सुलट रेखाटून सुलटच वापरता येते.

एका पद्धतीसाठी केलेले रेखाटन दुसरीला जसेच्या तसे चालत नाही, म्हणून निवड आधी करावी लागते. गोष्टीच्या पानासाठी मी पेपरकट घेईन, कारण जोडण्याच्या सक्तीमुळे पक्षी, पाणी आणि तिवर यांच्यात आपोआप नाते तयार होते. तोच पक्षी दहा पोस्टरांवर वेगवेगळ्या रंगांत हवा असेल, तर स्टेन्सिल.