हनुवटीचे रोपण आणि महिनाभराच्या वेदनांची समजूत

हनुवटीला उठाव देण्यासाठी तिच्यात सिलिकॉनचे रोपण (घडवलेला तुकडा) बसवल्यावर महिनाभर असह्य वेदना होतात आणि जबडा तारांनी बांधून ठेवतात, ही सोलापुरात वर्षानुवर्षे ऐकू येणारी समजूत चुकीची आहे. तारा बांधतात त्या बहुधा जबड्याचे हाड मोडल्यावर. या शस्त्रक्रियेत हाड न कापता, हनुवटीखालून किंवा खालच्या ओठाच्या आतून छेद घेऊन रोपण हाडावर बसवले जाते. वेदना बहुधा पहिले दोन-तीन दिवस अधिक असतात व गोळ्यांनी आटोक्यात राहतात. सूज मात्र ४८ ते ७२ तासांपर्यंत वाढत जाते, आणि नेमके तेव्हाच आरशात पाहून माणूस धास्तावतो. ती बरीचशी दोन आठवड्यांत ओसरते, पण अंतिम आकार दिसायला काही महिने लागतात. ओठाचा बधिरपणा मज्जातंतूवरील ताणामुळे येतो. तो बहुतेकदा हळूहळू जातो, क्वचित कायम राहतो, आणि हे रुग्णाला आधीच सांगितले गेलेच पाहिजे. छेद तोंडातून असल्यास आपली कडक भाकरी व शेंगाचटणी जखम भरेपर्यंत बाजूला ठेवून मऊ वरणभात खावा. ओसरलेली वेदना पुन्हा वाढली, ताप आला किंवा पू दिसला, तर गोळ्या वाढवत घरी थांबू नये. त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना दाखवावे.